होडीवर चहा कोण करतं?

११ सप्टेंबर २०२५ रोजी गेटवे ऑफ इंडियाहून ‘त्रिवेणी’ ही शिडाची नौका पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली. नौकेवर लष्कर, नौदल आणि हवाईदलातल्या दहा स्त्री अधिकारी आणि त्यांच्या प्रमुख लेफ्टनंट कर्नल अनुजा वरुडकर. लालबागच्या आमच्या गटात मी ही बातमी वाचून दाखवली. बायकांना अर्थातच अभिमान वाटला. मग घरकामाला जाणाऱ्या एका ताईंनी विचारलं, “सगळ्याच साहेब, मग चहा कोण करतं?”

बाकीच्या हसल्या. पण एकाही बातमीदाराला न सुचलेला हा प्रश्न मला फार नेमका वाटला.

अशा नौकेवर चहा ही चैन नसते. दक्षिण महासागरात थंडीने बोटं बधिर झाली की दोर धरता येत नाही, गाठ सुटत नाही. रात्री पाळी संपवून खाली येणारीच्या आणि वर जाणारीच्या पोटात काहीतरी गरम जावंच लागतं. चहा, कॉफी, सूप, काहीही. ते करणं जोखमीचंही आहे. नौका सतत एका अंगावर कललेली. म्हणून शेगडी झुलती बसवतात, तरच भांडं सपाट राहतं. करणारी पट्ट्याने स्वतःला अडकवून घेते. कप अर्धाच भरायचा. उकळतं पाणी मांडीवर सांडलं तर डॉक्टर शेकडो मैल दूर, म्हणून जाणकार खलाशी चहा करतानाही जाड पावसाळी विजार घालतात. माणसं मोजकी असल्यामुळे अशा नौकांवर बहुधा हे काम पाळीनेच येतं. ज्याची पाळी त्याने करायचं, मग तो कप्तान का असेना.

दिलीप दोंदे २००९-१०मध्ये मुंबईहून निघून एकट्याने जगाला फेरी मारून आले. तेव्हा त्यांचा चहा त्यांनीच केला असणार! समुद्रात पुरुषाला जे जमतं, ते परळच्या दहा बाय बाराच्या खोलीत का जमू नये?

इंग्लंडच्या ट्रेसी एडवर्ड्सची गोष्ट काहीजणींना ठाऊक असेल. १९८५-८६च्या व्हिटब्रेड शर्यतीत तिला पुरुषांच्या नौकेवर जागा मिळाली ती स्वयंपाकीण म्हणून. पुढच्या, १९८९-९०च्या शर्यतीत ती स्वतः कप्तान झाली, ‘मेडन’वर सगळ्या स्त्रियाच घेतल्या आणि आपल्या वर्गातले दोन टप्पे जिंकले. ही गोष्ट नेहमी ‘चुलीपासून सुकाणूपर्यंत’ अशी सांगतात. मला ते खटकतं. ‘मेडन’वरही स्वयंपाक पाहणारी एकजण होतीच. फरक एवढाच की तिथे ती ताफ्यातली होती, तिचं काम हे नौका चालवण्याचाच भाग होतं. चूल सोडली म्हणजे मुक्ती, असं आपणही म्हणू लागलो तर चुलीपाशी उरलेल्या बाईचं काय?

पाळी हा शब्द गिरणगावाला शिकवायला नको. गिरण्या पाळ्यांवर चालायच्या, आणि प्रत्येक पाळीच्या कामगाराला जेवू घालणारी खानावळवाली मात्र सगळ्याच पाळ्या करायची. पहाटे उठायची ती, रात्री भांडी घासायची ती. किराणा उधारीवर, उधारीला सावकार. तिला कोणी कामगार म्हटलं नाही. १९७५मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा कुठे त्यांच्या कामाकडे धंदा म्हणून पाहिलं गेलं. गिरण्यांच्या जागी आज टॉवर आहेत. घराघरातली ती न संपणारी पाळी आहे तशीच आहे. २०२४च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो असं दिसलं. पुरुषांची मिनिटं ८८, तीही जे करतात त्यांची.

घरातलं सोडा, चळवळीतलं पाहू. मी गेली दहा वर्षं दादर-परळच्या बैठकांना जाते. स्त्रियांच्या प्रश्नावरची सभा असली तरी मध्यंतरात उठतात त्या स्त्रियाच. एका संघटनेच्या बैठकीत ठरावाचा मसुदा माझ्यापुढे होता, तरी “मॅडम, जरा चहाचं बघता का?” हे मलाच विचारलं गेलं. मी पाहुणी होते. गॅस कुठे आहे तेही मला माहीत नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं आहे की प्रत्येक बैठकीच्या विषयपत्रिकेवर अध्यक्षांच्या नावाखाली चहा करणाऱ्याचं नाव छापावं. नाव पाळीने बदलावं, त्यात वकील, डॉक्टर, पुढारी सगळे यावेत. आमच्या गटात हे मांडलं तेव्हा एकीने शंका काढली, “पुरुषांनी केलेला चहा पिववेल का?” दुसरी म्हणाली, “पहिले चार दिवस नाही पिववणार. आपला तरी पहिल्या दिवशी कुठे जमला होता?”