अर्धे तिकीट मिळाले, गाडीचे काय?

महाशिवरात्रीला कुणकेश्वरला एसटी कमी पडत नाही. यात्रेसाठी जादा गाड्या सुटतात, कुठली गाडी कुठे लागली हे ध्वनिक्षेपकावरून सांगितले जाते. म्हणजे वेळेवर गाडी सोडायची आणि प्रवाशांना तिची माहिती द्यायची, हे महामंडळाला जमत नाही असे मुळीच नाही. यात्रा उठली, की किनाऱ्यावरच्या गावागावांतल्या बाया पुन्हा थांब्यावर एकमेकींना विचारू लागतात, ‘गाडी येतली काय गो?’

१७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एसटीच्या सर्व गाड्यांत बायकांना अर्धे तिकीट लागू झाले. त्याआधी ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांचा प्रवास मोफत झाला होता. खेड्यातल्या शाळकरी मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास आहेच. या सवलतींचे आपण स्वागत केले पाहिजे. घरातली मोटारसायकल बहुधा पुरुषाच्या हाती असते. बाईचे बाहेर पडणे एसटीवर आणि तिच्या हातात उरलेल्या चार पैशांवर ठरते. ‘फुकटेगिरी’ म्हणून नाके मुरडणाऱ्यांनी घरादारात आणि शेतात बाई बिनमोल राबते, त्याचा हिशेब आधी मांडावा.

पण सवलत तिकिटावर आहे आणि तिकीट गाडीत बसल्यावर मिळते. फेरी रद्द झाली तर मासळीची पाटी घेऊन उभ्या असलेल्या बाईला रिक्षाचे पूर्ण भाडे मोजावे लागते, नाहीतर माल नासतो. कणकवलीला गाडी बदलून ओरोसला कचेरीत जाणारीची पुढची गाडी चुकली, की तिचा दिवस आणि मजुरी दोन्ही जातात. संध्याकाळची शेवटची गाडी बेभरवशाची झाली, की ‘कॉलेज पुरे’ असे घरातून मुलीलाच सांगितले जाते, मुलाला नाही.

हे असे का होते, ते पैशाच्या वाटेने पाहिले पाहिजे. सवलतीची भरपाई सरकार महामंडळाला देते ती फाडलेल्या तिकिटांवर. साहजिकच पैसा गर्दीच्या मागे जातो. भरलेल्या लांब पल्ल्याच्या गाडीमागे भरपाई मोठी, दहा बाया बसलेल्या गावच्या फेरीमागे नगण्य. दुसरीकडे महामंडळाचा संचित तोटा दहा हजार कोटींच्या पुढे गेल्याचे जून २०२५ च्या श्वेतपत्रिकेतून समोर आले. ऑक्टोबर २०२१ मध्ये भाडे १७.१७ टक्के वाढले, जानेवारी २०२५ मध्ये आणखी १४.९५ टक्के. भाडे वाढले की त्याचे अर्धेही वाढते. आणि तोट्याचा बडगा आला की कात्री लागते ती ‘तोट्यातल्या’ गावच्या फेरीला.

फेरी तोट्यात आहे हे ठरवते कोण? अर्ध्या तिकिटामुळे वाहकाच्या यंत्रात आता बायकांचे तिकीट वेगळे नोंदले जाते. कुठल्या मार्गावर, कोणत्या वेळी किती बायका प्रवास करतात, ही माहिती आज महामंडळाकडे आहे. ती गाववार जाहीर झाली पाहिजे. पण या नोंदीतही एक बाई कधीच येत नाही. तासभर उभी राहून घरी परतली ती. गाडी बेभरवशाची, म्हणून बायका येईनाशा होतात, आणि बायका नाहीत म्हणून गाडी बंद होते. कागदावर मात्र ‘प्रतिसाद नाही’ एवढेच उरते.

रद्द फेरीची खबर न देणे हा तर उघड अन्याय आहे. गणपतीत गाड्या मुंबईकडे वळवल्या जातात, ते समजू शकते. पण २०२३-२४ मध्ये सरकारी मेळाव्यांना माणसे नेण्यासाठीही एसटीच्या गाड्या लावल्या गेल्या आणि ठिकठिकाणी नेहमीच्या फेऱ्या बुडाल्या. बायकांना मेळाव्याला आणायला गाडी मिळते, मग दवाखान्यात जायला का मिळू नये?

यावर वाहक-चालकाशी भांडून काही साधणार नाही. तेही २०२१-२२ च्या संपात महिनोन्‌महिने होरपळलेले कामगार आहेत. आपली मागणी धोरणाची हवी. तिकिटाची भरपाई द्या, शिवाय गावच्या ठरलेल्या फेऱ्या चालवण्यासाठी किलोमीटरमागे वेगळा निधी द्या. फेरी रद्द होणार असेल तर आदल्या संध्याकाळी ग्रामपंचायतीत आणि अंगणवाडीत कारणासह निरोप द्या. प्रत्येक थांब्यावर वाचता येईल असे वेळापत्रक लावा. महिला ग्रामसभेला विचारल्याशिवाय कुठलीही फेरी कायमची बंद करू नका. आणि सिंधुदुर्गाचे म्हणून एक वेगळे मागणे आहे. आपली सवलत राज्याच्या हद्दीशी संपते, पण इथला गंभीर रुग्ण गोव्यात बांबोळीला न्यावा लागतो. सोबत जाणाऱ्या बाईला तिथपर्यंत अर्धे तिकीट मिळालेच पाहिजे.

कर्नाटकात जून २०२३ पासून बायकांचा सरकारी बसप्रवास मोफत झाला, तेव्हा गाड्या ओसंडून वाहू लागल्या. बाईला कुठेच जायचे नसते, हा समज तिथे खोटा ठरला. त्याबरोबरच दुसरीही गोष्ट दिसली. सवलत वाढवली आणि गाड्या त्या प्रमाणात वाढवल्या नाहीत, तर तिचा त्रास पुन्हा बायकांनाच होतो.

गावोगावच्या बचत गटांनी आणि महिला मंडळांनी एक साधे काम हाती घ्यावे. थांब्याजवळच्या घरी किंवा दुकानात एक वही ठेवावी. तारीख, गाडीची वेळ, आली की नाही, किती उशिरा आली, किती बायका थांबल्या होत्या, किती परत गेल्या, एवढेच लिहावे. कायद्याने ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा घ्यावी लागते. तीन महिन्यांची वही तिच्यात वाचावी, ठराव करावा आणि तो आगारप्रमुखांकडे, आमदारांकडे पाठवावा. ‘प्रतिसाद नाही’ या शेऱ्याला उत्तर द्यायला आपल्या हातात लेखी पुरावा असला पाहिजे.