झोपाळ्यासाठी आणलेले मशीन

सुरतेत घरापुढच्या ओट्यावर झोपाळा नसला तर घर जरा अपुरे वाटते. माझा भाचा उधन्याला राहायला गेला, त्याला आता अकरा वर्षे झाली. तिथे झोपाळ्याला ‘हिंचको’ म्हणतात, आपण झोपाळा म्हणतो आणि भाचेसुनेच्या माहेरी, गोकाककडे, ‘जोकाली’. "मावशी, घरात शब्द तीन आणि झोपाळा एकही नाही," असे तो दर फोनला म्हणायचा. गेल्या उन्हाळ्यात मी तिकडे गेले तेव्हा त्याने मनावर घेतलेच. दुकानातल्या तयार झोपाळ्याची किंमत ऐकून त्याने छोटे वेल्डिंग मशीन मागवले. खोक्याएवढे, एका हाताने उचलता येईल असे. "दोन-तीन कामांत पैसे वसूल," हा त्याचा हिशेब.

हा हजीऱ्याच्या एका कारखान्यात स्टोअरला आहे, हे आधी सांगायला हवे. कारागिरांना हातमोजे, काळ्या काचा, चामड्याचे एप्रन हा रोज सही घेऊन देतो. हजीरा म्हणजे वेल्डिंगचे माहेरघरच म्हणा ना. फ्रान्समधल्या ‘इटर’ प्रकल्पासाठी लागणारे क्रायोस्टॅट नावाचे अवाढव्य पोलादी पात्र, जवळपास ३८५० टन वजनाचे, लार्सन अँड टुब्रोने इथल्याच कारखान्यात तुकड्या-तुकड्यांनी बनवले. त्याचा शेवटचा भाग २०२० साली इथून रवाना झाला. अशा गावात, अशा नोकरीत दहा वर्षे काढलेला माणूस रविवारी सकाळी बर्म्युडा आणि स्लिपर घालून ओट्यावर वेल्डिंगला बसला. मशीनचा प्लग कुठे? तर सूनबाई मिक्सरला वापरते त्या एक्स्टेंशन बोर्डात. मी आपली खुर्ची टाकून कौतुकाने बघत होते, हेही कबूल करते.

मशीनबरोबर हातात धरायची एक ढाल आली होती, ती त्याने तोंडासमोर धरली. त्याचे डोळे वाचले. सात वर्षांची नात दाराच्या फटीतून बघत होती. दहा-बारा फूट लांब होती, म्हणून कोणी काही बोलले नाही.

रात्री एकच्या सुमारास ती रडत उठली. "कण्णाग उसुकु बिद्दैति, अव्वा!" डोळ्यांत वाळू गेली म्हणत होती. डोळे लालभडक, पाणी थांबेना, दिवा लावला की किंचाळायची. वाळू कुठली डोळ्यांत? आम्ही पाणी मारले. शेजारच्या धुळ्याच्या आजी बटाट्याचे काप घेऊन आल्या, कोणी दुधाच्या पट्ट्या सांगितल्या. सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "घरात वेल्डिंग कोणी केले?"

त्यांनी सांगितले ते असे. वेल्डिंगच्या उजेडात डोळ्यांना दिसणारा प्रकाश असतो आणि न दिसणारे अतिनील किरणही असतात. उन्हाने कातडी भाजते तसा या किरणांनी बुबुळावरचा पारदर्शक पडदा वरवर भाजतो. त्या वेळी काहीच कळत नाही, सहा ते बारा तासांनी दुखणे सुरू होते. म्हणून दिवसाचे काम आणि रात्रीचे रडणे यांचा संबंध लवकर लक्षात येत नाही. बहुतेक वेळा दिवस-दोन दिवसांत भरून येते, नातीचेही आले. पण डोळे चोळायचे नाहीत, दूध-बटाटा-मध काही घालायचे नाही. अंधाऱ्या खोलीत मिटल्या डोळ्यांवर स्वच्छ गार पट्टी ठेवायची आणि डॉक्टरांकडे जायचे. बधिर करणारे थेंब दुकानातून आणून घालत राहिले तर बरे वाटते, पण जखम भरत नाही.

हे किरण पांढऱ्या भिंतीवरून परावर्तित होतात, हे मला तेव्हाच कळले. उन्हाचा गॉगल इथे कामाचा नाही. घरगुती छोट्या कामाला दहा नंबरची काळी काच लागते. आणि काच एकाच्या तोंडासमोर असते, बाकीच्या घराचे काय? मधे पत्र्याचा आडोसा उभा करायचा. ताडपत्री लावाल तर तीच पेटेल.

पुढच्या रविवारी भाच्याने गल्लीतल्या एका जुन्या कारागिराला बोलावले. मूळचे नंदुरबारकडचे, उधन्याच्या उद्योगनगरात उभा जन्म वेल्डिंगमध्ये घालवलेले. त्यांनी मशीनकडे पाहिलेही नाही, आधी एक्स्टेंशन बोर्डाला हात लावला. "कोमट होता ना परवा?" होता! मशीनवर मोठ्या अक्षरांत २०० लिहिलेले असते, ते मशीनमधून बाहेर पडणाऱ्या विजेचे अँपिअर. घरातल्या तारेतून किती ओढले जाते ते मागच्या पट्टीवर बारीक अक्षरांत असते. रॉडला शंभर अँपिअर द्यायचे तर भिंतीतून पंधरा-सतरा अँपिअर सहज जातात. मिक्सरचा सहा अँपिअरचा बोर्ड त्यात भाजून निघणारच. त्यांनी वायरमनकडून मीटरजवळून वेगळी लाइन, तिला स्वतंत्र एमसीबी आणि जाड पिनेचा सॉकेट करून घ्यायला लावले, घराचे अर्थिंगही तपासून घेतले. एक्स्टेंशन लागलीच तर अडीच चौरस मिलिमीटर तांब्याची, आणि पूर्ण उलगडून. गुंडाळलेली वायर आतल्या आत तापते. रॉड अडीच मिलिमीटरचा घ्यायचा. तो सत्तर-ऐंशी अँपिअरवर छान चालतो आणि घरकामाला पुरतो.

मग निघाली चिमट्याची गोष्ट. मशीनमधून दोन केबल निघतात. एकीला रॉड धरायचा होल्डर, दुसरीला चिमटा. त्या चिमट्याला सगळे कारागीर ‘अर्थ’ म्हणतात आणि घोटाळा इथेच होतो. तो अर्थ नव्हे, वीज मशीनकडे परत जायची ती वाट आहे. भाच्याने तो लांबवर खिडकीच्या ग्रिलला लावून ठेवला होता. तसे केले तर वीज परत जायला मिळेल तो रस्ता शोधते, घराच्या अर्थिंगची बारीक तारसुद्धा, आणि ती तार जळते. चिमटा ज्या तुकड्याला जोडकाम करायचे त्यालाच, जोडाच्या जवळ, गंज घासून लावायचा.

"आमच्याकडे ईएलसीबी आहे, झटका बसायचा नाही," असे भाचा म्हणाला. कारागीरकाका हसले. घरातले ईएलसीबी मशीनच्या अलीकडची गळती पकडते. होल्डरकडची वीज मशीनच्या आतल्या ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडची असते. तिथे झटका बसला तर त्याला पत्ताही लागत नाही. रॉड टेकलेला नसताना होल्डरवर साठ-ऐंशी व्होल्ट असतात. कोरड्या अंगाला ते फारसे जाणवत नाहीत, पण सुरतेच्या घामाच्या दिवसांत भिजलेला सदरा आणि ओली फरशी म्हटली की जिवावर बेतू शकते. आपल्या बेळगावच्या पावसाळ्यालाही हेच लागू. म्हणून कोरडे चामड्याचे हातमोजे, बंद बूट, पायाखाली कोरडी लाकडी फळी. रॉड बदलतानाही मोजा काढायचा नाही आणि होल्डर काखेत धरायचा नाही. अंगात पेसमेकर असलेल्या माणसाने तर या मशीनच्या आसपास फिरकूही नये.

कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे. पॉलिस्टर वितळते आणि कातडीला चिकटते. इथे सूनबाईचा चेहरा उतरला, कारण लेस लावायला आणलेल्या साड्यांची दोन गाठोडी ओट्याला लागून असलेल्या खोलीतच होती. सुरतेत ही कामे घरोघर चालतात, आणि साड्या बहुतेक सिंथेटिक. ठिणगी दहा मीटरपर्यंत घरंगळत जाते आणि गाठोड्याच्या घडीत तासभर धुमसत राहू शकते. राजकोटच्या टीआरपी गेम झोनला २५ मे २०२४ रोजी आग लागून २७ जणांचा जीव गेला. तिथेही वेल्डिंग चालू होते आणि ठिणग्या खालच्या सामानावर पडताना कॅमेऱ्यात दिसल्या. गुजरातेत ती आठवण अजून ताजी आहे. काकांनी नाव काढताच सगळे गप्प झाले. साड्या मागच्या खोलीत गेल्या, गॅस सिलिंडर हलला, वाळूची बादली आली. काम संपल्यावर निदान अर्धा-पाऊण तास तिथेच कोणीतरी बसायचे असे ठरले. ते काम मी मागून घेतले. चहा प्यायला बरे.

भाच्याने भंगारातून स्वस्तात आणलेले पाइप काकांनी बाजूला काढले. जीआय पाइप, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले. ते वेल्ड करताना पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. त्यावर दूध प्यायचा जुना उपाय आहे, त्याने काही होत नाही. मुलामा नसलेले काळे पाइप आणायचे, काम उघड्यावर करायचे आणि डोके धुरापासून बाजूला ठेवायचे. रंगाचे किंवा थिनरचे बंद पिंप तर रिकामे असले तरी वेल्डिंगला घ्यायचेच नाही. त्याचा बॉम्ब होतो.

आणि झोपाळा? "माणूस बसणार ते जोड माझ्याकडे दे," असे काका म्हणाले ते मला पटले. वरून छान दिसणारा जोड आतून पोकळ असू शकतो, आणि शिकाऊ हाताचा बहुधा असतोच. भाच्याने त्या मशीनवर आधी कुंड्यांचे स्टँड केले, मग चपलांचे. झोपाळ्याची चौकट काकांनी त्याच मशीनवर जोडली. ती आता ओट्यावर आहे.

रॉड टेकवण्याआधी घरात हाक द्यायची, हा नियम सूनबाईचा. हाक तिच्या भाषेतली: "हुषार!" मराठीत ‘हुशार’ म्हणजे अक्कलवान, कन्नडमध्ये ‘हुषार’ म्हणजे सांभाळून, तुम्हा-आम्हाला हे वेगळे सांगायला नको. नात लगेच आत जाऊन पाठ करून बसते. परवा फोनवर ती मला सांगत होती, "आज्जी, बघायची गरजच नाही. भजी तळल्यासारखा आवाज आला की बाबांचं बरोबर चाललंय. फटफट झालं की रॉड चिकटला!"