गोळी द्या, पण सांगून द्या!

दिवाळी अंकात माणसाने गोड बोलावे असा संकेत आहे. यंदा तो मोडतो आहे. फराळाचे ताट पुढ्यात घेऊन बसलेल्या वाचकांनी क्षमा करावी.

माझा राग दोघांवर आहे. एक, मनाच्या दुखण्यावर गोळी लिहून देऊन गप्प बसणारा डॉक्टर. आणि दुसरा, त्या गोळीविषयी काही ठाऊक नसताना बोलतच राहणारा आप्त.

२०२२ च्या श्रावणात माझे मन खचले. कादंबरी अर्धवट पडली, पहाटे तीनला झोप उडे, वर्गात फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो की मुलांकडे वळावेसे वाटेना. एका डॉक्टरांनी एसिटालोप्राम लिहून दिले. "रोज एक. महिन्याने या." झाले! तिसऱ्या दिवसापासून पोटात ढवळू लागले, घाम फुटू लागला, आणि जांभया! ह्या औषधाने जांभयाही येतात, हे मला कोण सांगणार? मास्तरच समास सोडवता सोडवता जांभया देऊ लागले, तर सातवीच्या मुलांनी काय करावे? त्यांनीही दिल्या.

गुण मात्र दिसेना. तो दिसायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहूनही अधिक लागतात. त्रास मात्र आधीच हजर. सावकार आधी दारात, पगार मागून! मळमळ बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरते, जेवणानंतर गोळी घेतली तर पोटाला सोसते, झोप उडत असेल तर ती सकाळी घ्यावी, हे मला औषधाच्या दुकानातल्या पोराने सांगितले. त्याचे भले होवो.

आता आप्त. आमचे काका म्हणाले, "अरे, सवय लागेल त्या गोळ्यांची! सोडून दे, पहाटे फिरायला जात जा." फिरण्याशी माझे वैर नाही. पण रक्तदाबाची गोळी वीस वर्षे न चुकता घेणाऱ्या काकांना तिची सवय कधी खटकली नव्हती. तोवर मला बरे वाटू लागले होते, म्हणून ऐन दिवाळीत एका दिवसात गोळ्या बंद केल्या. तिसऱ्या दिवशी घर फिरू लागले. मान वळवली की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे होई. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मुलाने फुलबाजी मागितली, एवढ्यावरून मी त्याच्यावर असा ओरडलो की तो अजून फुलबाज्या आईकडेच मागतो.

"बघ, लागली ना सवय!" काका म्हणाले. नाही हो काका! दारुड्याला दारूची असते तशी ओढ मला गोळीची नव्हती. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायची असते, एवढेच कोणी सांगितले नव्हते.

पुढे दुसऱ्या डॉक्टरबाई भेटल्या. त्यांनी अर्धा तास दिला आणि जे घरात कोणी विचारत नाही तेही विचारले: "पतिपत्नींच्या सुखात काही फरक पडला आहे का?" माझे कान तापले. पडला होता. मी तो वयाच्या खात्यावर मांडत होतो, आणि बायको बिचारी स्वतःच्या. मात्रा किंवा औषध बदलून पुष्कळदा ह्यातून वाट निघते, हे त्या दिवशी कळले.

डॉक्टर मंडळी म्हणतात, सांगितले तर रोगी घाबरतो. आणि न सांगितलेला काय करतो? माझ्यासारखा गोळी फेकतो. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींत पहिल्या काही आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात. तेव्हा त्यांच्यावर नजर ठेवावी लागते. हेही आईबापांपासून लपवायचे? २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो की उपचार आणि त्याचे माहीत असलेले दुष्परिणाम रोग्याला त्याला समजेल अशा भाषेत सांगितले पाहिजेत. मी मॅट्रिक झालेला मास्तर. मला समजते ती मराठी. खोक्यातला तो मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांचा कागद नव्हे.

यंदा काका फराळाला येणार आहेत. चकल्यांच्या ताटाशेजारी मी गोळ्यांची डबी उघडीच ठेवणार आहे.