हाकेचे नाव

वारीत कुणी दिसेनासे झाले, तर वारकरी ‘चुकामूक झाली’ म्हणतात. माणूस इथेच कुठेतरी आहे, नजरेआड आहे एवढेच, हा दिलासा त्या शब्दातच असतो.

सासवडला आमच्या आत्याची अशीच चुकामूक झाली. माउलींची पालखी तिथे दोन रात्री मुक्कामाला असते, त्यामुळे सोपानकाकांच्या समाधीच्या दर्शनाला रीघ लागते. मंदिरातून बाहेर पडताना घरची माणसे डावीकडे वळली आणि आत्या उजवीकडे. वय सत्तरीच्या पुढे, फोन राहुटीत चार्जिंगला लावलेला. मदत केंद्रातल्या हवालदारांनी वही उघडली आणि विचारले, “पूर्ण नाव?” आम्ही चार भाचरे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. जन्मभर आत्या म्हणत आलो, नाव घ्यायची वेळ आलीच कुठे! शेवटी कुणाच्या तरी फोनमध्ये तिच्या आधार कार्डाचा फोटो निघाला. त्यावरचे नाव तीनदा पुकारले गेले. हिरवी नऊवारी, गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का. या वर्णनात तर अर्धे सासवड बसत होते.

मग आम्हीच शोधाला लागलो. दर्शनाआधी काढून ठेवलेल्या तिच्या चपला जागेवर नव्हत्या, म्हणजे ती चपला घालून बाहेर पडली होती. कोपऱ्यावरच्या चहावाल्याला विचारले. तो म्हणाला, “बशी नाही म्हणून कप परत करणारी आजी का? ती त्या राहुट्यांकडे गेली.” आत्या बशीतूनच चहा पिते. आम्ही राहुटी-राहुटीपुढे उभे राहून कार्डावरचे नाव पुकारत गेलो. कुणी ओ देईना.

अखेर गावी वडिलांना फोन लावला. ते म्हणाले, “अरे, ते लग्नात ताटातल्या तांदळावर लिहिलेलं नाव. त्या नावानं तिला सासरीसुद्धा कुणी हाक मारली नाही. ती ओ देईल कशी?” त्यांनी माहेरचे नाव सांगितले. ते पुकारताच पुढच्या राहुटीतून आवाज आला, “काय रे?” परभणीकडच्या एका दिंडीतल्या बायकांबरोबर ती मेथी निवडत बसली होती. आम्हाला पाहून म्हणाली, “मघापासून कुणा बाईचं नाव पुकारताहेत. सापडली का रे ती? आम्ही सगळ्यांनी तिच्यासाठी हात जोडले.”

त्या रात्री आम्ही पोट धरून हसलो. पण विचार केला, तर जे घडले ते आमच्या घरापुरते नाही. आत्याच्या पिढीतल्या किती तरी बायकांचे एक नाव माहेरचे, एक सासरचे आणि एक कागदावरचे. त्यात नवऱ्याचे नाव फक्त उखाण्यात घ्यायची सवय. अशा बाईला अनोळखी माणसाने पूर्ण नाव विचारले, की ती आधी संकोचते. ध्वनिक्षेपकावर तेच नाव, पतीच्या नावासह आणि आडनावासह, कानावर पडले, तर ते आपलेच आहे हे तिच्या ध्यानात येत नाही.

आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटरची ही वाट चालवणाऱ्यांना चुकामुकीची जाण फार जुनी आहे. म्हणून तर दिंड्यांना क्रमांक असतात, ‘रथापुढे अमुक’, ‘रथामागे तमुक’. संध्याकाळी समाज आरतीला चोपदार दंड उंचावतात, टाळ-मृदंग थांबतात आणि एवढा अफाट समुदाय क्षणात चिडीचूप होतो. त्या शांततेत हरवले-सापडले सांगितले जाते. एवढी चांगली व्यवस्था कुठल्याही यात्रेने हेवा करावा अशी आहे. तिला जोड हवी ती दोन रकान्यांची. मदत केंद्राच्या वहीत पूर्ण नावाच्या खाली ‘हाकेचे नाव’ आणि ‘माहेरचे गाव’ असे विचारावे आणि पुकारतानाही तेच आधी पुकारावे. नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ भरेल तेव्हाही हे उपयोगी पडेल.

निम्मे काम मात्र घरातच व्हायला हवे. आजीला, मावशीला, आत्याला लहानपणी काय म्हणून हाक मारत, हे विचारायला वारीची वाट कशाला पाहायची? आमच्या आत्याने विचारल्याबरोबर तासभर सांगितले. नदीवरचे धुणे, शाळेची दोनच वर्षे, तिला त्या नावाने हाक मारणारी आणि आता न उरलेली माणसे, सगळे.

आता तिच्या बटव्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत एक चिठ्ठी असते. तिच्यावर दिंडी क्रमांक, दोन फोन नंबर आणि तिन्ही नावे आहेत. माहेरचे नाव तिने सगळ्यांत वर लिहून घेतले.