ऊन पाण्याची नोंद

गिझर म्हटले की लोणावळ्याच्या मुलांना न्हाणीघरातली टाकी आठवते. पावसाळी गावात ते स्वाभाविकच आहे. शब्द मात्र आइसलंडचा. तिथल्या ‘गेसिर’ नावाच्या उष्ण कारंज्यावरून जगातल्या अशा सगळ्या कारंज्यांना आणि पुढे आपल्या टाकीलाही ते नाव मिळाले. नववीच्या मुलांना आम्ही गरम झऱ्यांवर कोशात शोभेल अशी नोंद लिहायला देतो, तेव्हा पहिला तास या एका शब्दातच जातो. जाऊ द्यावा.

मुलांना निबंधाची सवय असते. ‘निसर्गाची किमया अगाध आहे’ अशी सुरुवात होते. नोंदीत हे वाक्य खोडावे लागते. वस्तू काय आहे ते आधी सांगायचे: जमिनीखाली तापलेले पाणी आपोआप वर येते तो गरम झरा, तेच वाफेच्या दाबाने थांबून थांबून उसळते तेव्हा तो गिझर. गिझरसाठी उथळावर प्रचंड उष्णता, भरपूर पाणी आणि मध्येच अरुंद झालेली वाट, तिन्ही एकत्र लागतात. म्हणून अमेरिकेच्या यलोस्टोनमध्ये पाचशेहून अधिक गिझर आहेत आणि आपल्या कोकणात फक्त झरे.

झरे मात्र पुष्कळ आहेत. वज्रेश्वरी, गणेशपुरी, पालीजवळचे उन्हेरे, दापोलीचे उन्हवरे, राजापूरजवळचे उन्हाळे. ऊन पाणी म्हणजे गरम पाणी, हे या नावांतच आहे. उर्दूत आपण गरम चश्मा म्हणतो. कारण लिहिताना निम्मी मुले ‘ज्वालामुखी’ लिहून मोकळी होतात. सह्याद्री लाव्ह्याचा हे खरे, पण तो लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. केव्हाच थंड झाला. पावसाचे पाणी खडकाच्या भेगांतून खूप खोल उतरते. दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश उष्णता वाढत जाते. तापलेले पाणी दुसऱ्या भेगेतून वर येते, एवढेच.

नोंद लिहिणे हे आपल्या परंपरेला नवे नाही. हिजरी ६१५ मध्ये मर्व शहरातल्या एका मजलिसीत ‘हुबाशा’ या जागेच्या नावाचा उच्चार कसा करावा, यावर वाद झाला. त्यातून याकूत अल-हमवी यांनी ‘मुअजमुल बुलदान’ हा अक्षरानुक्रमे रचलेला स्थळकोश हाती घेतला. तबरियाचे गरम झरेही त्यात आहेत. एका झेर-जबरसाठी केवढी ही मेहनत! हदीसच्या विद्वानांनी सनद तपासायची जी शिस्त घालून दिली, तीच इथे कामाला येते: हे कोणी पाहिले, कोणी सांगितले?

सगळ्यात जास्त अडते ते ‘या पाण्याने त्वचारोग बरे होतात’ या वाक्यावर. आम्ही ते पुसायला लावत नाही. ‘अशी लोकांची श्रद्धा आहे’ असे लिहायला सांगतो. उनपदेवला रामाच्या बाणाची कथा आहे, कराचीच्या मंघोपीरला पीराची. कथा कथेच्या परिच्छेदात राहू द्यावी, उपचाराच्या नव्हे. कारण छापलेले वाचून कोणी मधुमेही आजोबांना कुंडावर घेऊन जाईल. ज्यांच्या पायांची संवेदना गेली आहे त्यांना चटका कळतच नाही, फोड आल्यावर समजते. उन्हवऱ्याचे पाणी तर अंगावर थेट घेण्यासारखे नसते.

आमच्या मावळात धबधबे उदंड, ऊन पाणी मात्र घाट उतरल्यावरच. खोपोलीवरून पालीकडे जाणार असाल तर उन्हेऱ्याला थांबा आणि नोंद मुलांकडून तिथेच लिहून घ्या. प्रयोगशाळेतला थर्मामीटर न्यावा. ताप मोजायचा ४२ अंशांवर संपतो. आकड्यापुढे तारीख, वेळ आणि मोजणाऱ्याचे नाव लिहायला सांगा.