चादर विणणाऱ्यांची भाषा

होटगी जंक्शनवर लोहमार्ग दुभंगतो. एक फाटा विजापूर-गदगच्या कानडी मुलखात जातो. दुसरा वाडी, रायचूर करीत चेन्नईस पोहोचतो. १८७१ साली रायचूर येथे मुंबईकडून आणि मद्रासकडून आलेले रूळ एकमेकांस मिळाले. वाडीवरून हैदराबादकडेही वळता येते. नकाशावर हे प्रांत निरनिराळ्या रंगांचे दिसतात. होटगी-सोलापूरच्या बाजारात मात्र मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा एकाच सौद्यात ऐकू येतात.

यांपैकी तेलुगू भाषकांचे ऋण आपण पुरेसे ओळखले आहे काय? सोलापूरचे नाव घराघरांत पोहोचविले ते चादरीने. जॅकार्डच्या मागावर विणलेल्या या जाड सुती चादरीस भौगोलिक मानांकनही मिळाले. पण तो माग चालविणारे हात बव्हंशी तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांचे होते, ही गोष्ट चादर विकत घेणाऱ्या किती जणांना ठाऊक असते? पुरुष मागावर आणि स्त्रिया घरी विडीच्या सुपापुढे, अशी कित्येक कुटुंबांची विभागणी होती. पान भिजवावे, मापाने कापावे, तंबाखू भरून दोऱ्याने बांधावे आणि हजारी दराने मजुरी घ्यावी, अशा श्रमांवर त्यांचे संसार उभे राहिले.

हा समाज केवळ राबला, असेही नाही. त्याने मार्कंडेयाचे मंदिर उभारले. नारळी पौर्णिमेचा रथोत्सव साऱ्या शहराचा सण केला. त्याने शाळा काढल्या, सहकारी तत्त्वावर रुग्णालय चालविले. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली विडी कामगार स्त्रिया स्वतःच्या घरासाठी झगडल्या आणि २००६ साली कुंभारी येथे दहा हजार घरांची सहकारी वसाहत त्यांच्या हाती आली. तिला नाव दिले गेले ते गोदूताई परुळेकरांचे. वारली आदिवासींसाठी लढलेल्या एका मराठी स्त्रीचे नाव या कष्टकरी स्त्रियांच्या वसाहतीने अभिमानाने मिरवावे, याहून एकात्मतेचा मोठा दाखला कोणता?

तरीही 'बाहेरून आलेले लोक' हा शब्दप्रयोग अधूनमधून कानी पडतो. त्याला उत्तर सोलापूरच्या ग्रामदैवतानेच देऊन ठेवले आहे. बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांची वचने कानडीत आहेत. ज्या नगरीचे दैवत कानडीत बोलले आणि जिचे वस्त्र तेलुगू हातांनी विणले गेले, तेथे कोणी कोणास परके म्हणावे?

महाराष्ट्रात राहणाऱ्याने मराठी शिकावी, ही अपेक्षा रास्तच आहे. तेलुगू भाषकांनी ती निष्ठेने पुरी केली आहे. परंतु मराठी शिकणे म्हणजे आईची भाषा विसरणे नव्हे. खरा धोका तेथेच आहे. मागांचा खडखडाट मंदावला, मुले अन्य व्यवसायांत गेली, तर मागाबरोबर त्या कामाचे शब्दही लोपतील. मानांकन वस्त्राचे रक्षण करील. विणकराच्या बोलीचे नाही.

म्हणून वर्षातून एकदा हारतुरे देऊन हे ऋण फिटणार नाही. पहिलीच्या वर्गात तेलुगू घरातून आलेल्या मुलाच्या तोंडचा शब्द शिक्षकाने चूक म्हणून खोडू नये; त्यालाच धरून मराठी शब्द शिकवावा. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी वृद्ध विणकरांकडे बसून मागाच्या प्रत्येक भागाचे तेलुगू आणि मराठी नाव टिपून घ्यावे. कचेरीतील लिपिकाने विडी कामगार म्हातारीचा अर्ज तिला समजेल अशा रीतीने वाचून दाखवावा. यास ना मोठा निधी लागतो, ना शासनाचा आदेश.

उभ्या आणि आडव्या धाग्यांची दिशा वेगळी असते, म्हणूनच वस्त्र तयार होते. सर्व धागे एकाच दिशेने ओढले, तर हाती केवळ सूत उरते. सोलापूरकरांना हे निराळे सांगावयास नको.