पाचवीतच ठेवायचे की पुढे ढकलायचे?

मूल नापास झाले की घरात पहिला प्रश्न निघतो, 'लोक काय म्हणतील?' दुसरा, शाळेत कोणाला भेटले तर काम होईल. त्याला नेमके काय येत नाही, हे फारसे कोणी विचारत नाही.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत मुलांना मागे ठेवण्यास मनाई केली, तेव्हा हा पेच काही वर्षे सुटल्यासारखा वाटला. २०१९ च्या दुरुस्तीने तो परत आला. आता पाचवी-आठवीत नापास झालेल्याला निकालानंतर दोन महिन्यांत फेरपरीक्षेची संधी मिळते. तीही हुकली तर त्याच वर्गात ठेवायचे की नाही, हे सरकार ठरवते. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ठेवण्याचा नियम केला, केंद्राने आपल्या शाळांसाठी २०२४ मध्ये. शाळेतून काढून मात्र टाकता येत नाही.

म्हणजे दोन महिने हातात असतात. ते सगळे मामाच्या गावाला घालवू नयेत, की मुलाला दिवसभर शिकवणीत डांबूही नये. आईने किंवा वडिलांनी तिसरीचे पुस्तक काढून त्याच्याजवळ बसावे. परिच्छेद न अडखळता वाचता येतो का? हातच्याची वजाबाकी जमते का? पुष्कळदा गाडी पाचवीच्या अपूर्णांकांवर नव्हे, तिसरीच्या भागाकारावर अडलेली असते. मग तेच अपूर्णांक त्याच बाईंकडून पुन्हा शिकून काय साधणार?

आजारपणाने किंवा वडिलांच्या बदलीने भाषाच बदलून अर्धे वर्ष बुडालेल्या मुलाची गोष्ट वेगळी. त्याला एक वर्ष जास्त मिळाले तर बिघडत नाही. तोंडी उत्तरे चटचट देणारे, पण लिहिताना अक्षरे गाळणारे मूल असेल, तर डिस्लेक्सियाची तपासणी आधी करून घ्यावी. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात ती सोय आहे. निदान झाल्यास परीक्षेत सवलती मिळतात. वर्ग पुन्हा केल्याने हा दोष जात नाही.

आठवीच्या मुलीबाबत तर दहादा विचार करावा. मागे ठेवलेली मुलगी 'आता शाळा पुरे' म्हणून कायमची घरी बसवली जाते, असे घडते.

मागे ठेवायचेच ठरले, तर यंदा शाळा निराळे काय शिकवणार, हे मुख्याध्यापकांना स्पष्ट विचारावे. आणि निर्णय मुलाला आईवडिलांच्या तोंडून कळावा, शाळेच्या पहिल्या दिवशी शेजारच्या पोरांकडून नव्हे.